अण्णा वाट विसरले

आमच्या थोरल्या बंधूंना घरात सगळे अण्णा म्हणतात. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरीचे धरण आहे आणि खालच्या अंगाला आपले सिद्धेश्वरचे. हे धरण १९६८ साली पुरे झाले. पुढे थोड्याच वर्षांत अण्णा कालव्यावर पाटकरी म्हणून लागले. कोणत्या चारीला पाणी कधी सोडायचे, कोणाची पाळी कोणाच्या मागून, हे त्यांना तोंडपाठ असे. वही लागत नसे.

असा माणूस चार वर्षांमागे एकच गोष्ट दिवसातून दहादा विचारू लागला. चष्मा पिठाच्या डब्यात सापडू लागला. दुकानात गेले तर सुट्टे पैसे मोजता येईनात. आम्ही म्हणालो, "वय झालं, चालायचंच." वैनी म्हणाल्या, "वयानं गुडघे दुखतात भाऊजी. पोराचं नाव कसं काय इसरंल माणूस?"

वैनींचे बरोबर होते. आम्ही हेडमास्तर असून चुकलो. त्यात वर्ष गेले. कोणी सांगितले, बाहेरचे झाले. मग अंगारा झाला, दोरा झाला, त्यात पैसेही गेले.

मग एका पहाटे अंथरूण रिकामे. पायांत चप्पल नाही, हातात बॅटरी नाही. कालवा भरून वाहत होता. आम्ही काठाकाठाने हाका मारत गेलो. पाण्याकडे बघायची छाती होत नव्हती. दोन तासांनी एका गुराख्याजवळ अण्णा बसलेले दिसले.

"कुठं निघाला होता अण्णा?"

"पाळी सुरू झाली ना. पाणी सोडायचंय."

नोकरी सुटून पंधरा वर्षे झाली होती.

त्यानंतर आम्ही त्यांना नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. इंग्रजीत त्याला डिमेन्शिया म्हणतात. मराठीत स्मृतिभ्रंश. जोडाक्षरे अवघड आहेत, सावकाश वाचा: स्मृ-ति-भ्रं-श. स्मृती म्हणजे आठवण. भ्रंश म्हणजे ढळणे.

हे वेड नव्हे. करणी नव्हे. घरच्यांना छळण्यासाठी केलेले सोंग तर नव्हेच. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात, त्याने हे होते. आधी नवे विसरते, जुने बराच काळ टिकते. म्हणून सकाळी जेवलेले अण्णांना आठवत नाही, पण चाळीस वर्षांमागची पाणीपाळी आठवते.

या आजाराचे प्रकार पुष्कळ आहेत. सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमर. हे एका जर्मन डॉक्टराचे नाव. १९०१ साली त्यांच्या दवाखान्यात एक बाई आली. वय अवघे ५१. तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर ते पुरते लिहिता येईना. ती १९०६ साली वारली. तेव्हा डॉक्टर अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासून आजाराची माहिती जगापुढे मांडली. दुसरा प्रकार रक्ताच्या नळ्यांचा. रक्तदाब आणि साखर वाढून मेंदूच्या बारीक नळ्या बंद होतात, तेवढा भाग सुकतो. टेलच्या शेताला पाणी पोचले नाही की पिकाचे होते, तसेच हे.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. डोक्याचा फोटो काढला. याचे कारण ऐकून ठेवा. थायरॉइडचा दोष, बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त, मनाची खोल उदासी, यांनीही माणूस विसरतो. आणि यांवर उपाय आहे. कित्येक म्हातारी माणसे बरी होण्यासारखी असून कोपऱ्यात पडून असतात. अण्णांचे तसे निघाले नाही. त्यांना अल्झायमर आहे. तो बरा करणारे औषध अजून नाही. काही गोळ्यांनी काही जणांना थोडे दिवस बरे वाटते, एवढेच.

२०२३ साली आपल्या देशातील एका मोठ्या पाहणीचे आकडे छापून आले. साठीपुढच्या दर शंभरांत सात जणांना हा आजार आहे. देशात सुमारे ८८ लाख माणसे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. शिकल्याने आजार होतच नाही असे नव्हे. शास्त्रीही विसरतात. 'अस्तु' नावाचा मराठी चित्रपट आहे. त्यात संस्कृतचा म्हातारा पंडित एका हत्तीच्या मागे चालत जातो आणि हरवतो. पंडिताचे काम केले आहे मोहन आगाशे यांनी, आणि ते स्वतः मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत. मिळाला तर बघा.

हैदराबादच्या डॉक्टरांनी ६४८ रोग्यांची पाहणी केली होती. ती २०१३ साली छापून आली. दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार साडेचार वर्षे उशिरा झालेला दिसला. निरक्षरांतही तसेच. आपल्याकडे बाजारात मराठी, हिंदी, उर्दू, बंजारा सगळे चालते. त्याचा असाही उपयोग आहे हे आम्हाला म्हातारपणी कळले.

आता वैनींचे सांगतो. दोन वर्षे आधी त्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकल्या होत्या. तेव्हा सुना हसत. अण्णा हरवल्यावर वैनींनी पांढऱ्या कापडाची पट्टी फाडली. तिच्यावर अण्णांचे नाव, गावाचे नाव आणि मुलाच्या फोनचा नंबर काळ्या पेनाने लिहिला. सिद्धेश्वरमधले जोडाक्षर तीनदा खोडले. असल्या पट्ट्या सगळ्या सदऱ्यांना आतून शिवल्या. पुढे पावसाळ्यात अण्णा पुन्हा निघून गेले, थेट औंढ्याच्या बसथांब्यावर. तिथल्या चहावाल्याने सदरा बघितला, पट्टी वाचली, फोन लावला. तासाभरात अण्णा घरी आले.

घरात काय करावे तेही वैनींनीच शोधून काढले. अण्णा म्हणाले "पाणी सोडायचंय", की आम्ही म्हणत असू, "नोकरी सुटली तुमची." ते चिडत, हात उगारत. वैनी म्हणतात, "चला, मीबी येते." दोघे गावाबाहेर पुलापर्यंत जातात आणि परततात. अण्णांचे मन निवते. वाद घातला की दोघांनाही त्रास. खोलीत कोंडू नये, पण विहीर, चूल, कालवा यांकडे एकटे सोडू नये. जेवण, झोप, आंघोळ रोज त्याच वेळी असावी.

चालण्यावरून पुढची गोष्ट निघाली. २१ सप्टेंबर हा जगभर अल्झायमरचा दिवस पाळतात. अमेरिकेत १९८९ पासून या आजारासाठी लोक मिळून चालतात आणि निधी जमवतात. आपल्या देशात १९९२ पासून या रोग्यांसाठी काम करणारी संस्था आहे. आमच्या पुतण्याने हे वाचले. तो म्हणाला, "काका, आपणबी चालू. सिद्धेश्वर ते औंढा नागनाथ." आम्हाला आधी हसू आले. मग वाटले, नर्सीच्या नामदेवांचा हा मुलूख. पंढरीला चालत जाणारी माणसे आपण. चालणे आपल्याला कोणी शिकवायला नको.

बावीस जण निघालो. वाटेतल्या गावांत थांबून आजाराची माहिती सांगितली आणि झोळी फिरवली. एका वस्तीवर एक बाई ऐकून रडू लागली. तिची सासू तीन वर्षे तशीच होती. भूत लागले म्हणून घरचे तिला बांधून ठेवत. बाईला आम्ही १४५६७ हा नंबर लिहून दिला. वडीलधाऱ्यांच्या अडचणींसाठी सरकारने तो ठेवला आहे. पैसे पडत नाहीत. मनाच्या त्रासासाठी १४४१६ आहे.

अण्णा पहिल्या पुलापर्यंत बरोबर होते. पुलावर थांबले, वाकून कालवा बघितला आणि म्हणाले, "पाणी कमी हाय. वर कुनीतरी चारी फोडली." नंतर आम्ही जाऊन पाहिले. चारी खरेच फुटली होती.

झोळीत सात हजार तीनशे चाळीस रुपये जमले. ते कशाला लावायचे यावरून दोन रात्री वाद झाला. कोणी म्हणे देवळाला द्या. आम्ही म्हणालो, शहरातल्या संस्थेला पाठवू. शेवटी रक्तदाब मोजायचे यंत्र घ्यायचे आणि उरलेल्यातून म्हाताऱ्यांना चष्मे द्यायचे ठरले. रक्तदाब, साखर, तंबाखू, बिडी, दारू, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, एकटे पडणे, यांनी हा आजार वाढतो. ही कारणे लवकर आवरली, तर पुष्कळांचा आजार टळतो किंवा लांबतो, असे आता डॉक्टर सांगतात.

वैनींना विचारले, तुम्हाला काय पाहिजे? त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पैशाचं मला काय करायचं? चार वर्सं झाली, सलग झोप न्हाई. आठवड्यातून एक दुपार त्यांच्यापाशी कुनीतरी बसा."

बुधवार ठरला. दुपारी दोन ते पाच. कोण कधी बसणार याची यादी वैनींनीच लिहिली आणि दाराला चिकटवली. पहिला बुधवार आमचा होता. आम्ही अण्णांबरोबर जुन्या पाणीपाळ्यांच्या गोष्टी करत बसलो. पाच वाजले, साडेपाच वाजले. वैनी उठल्या नाहीत. आम्ही त्यांना उठवले नाही.