गरिबांची राणी

(एकोणिसाव्या शतकात इंग्लंडवर व्हिक्टोरिया राणीचे राज्य होते. त्या काळातील उमराव घराण्यातल्या एका अतिशय श्रीमंत स्त्रीची हकिकत या पाठात सांगितली आहे. पैसा मिळणे, पैसा देणे आणि तो योग्य रीतीने देणे या तीन वेगळ्या गोष्टी कशा आहेत, हे पाठ वाचताना लक्षात घ्या.)

मुलांनो, समजा, उद्या सकाळी कोणी तुमच्या दारात येऊन म्हणाले, "आजपासून ही सगळी दौलत तुमची!" तर तुम्ही काय कराल? नवे घर घ्याल? दूरचा प्रवास कराल? की आणखी काही?

हा प्रश्न खरोखरच एका तरुणीपुढे उभा राहिला होता. तिचे नाव अँजेला बर्डेट. तिचा जन्म २१ एप्रिल १८१४ रोजी झाला. तिचे वडील सर फ्रान्सिस बर्डेट हे इंग्लंडच्या पार्लमेंटचे सभासद होते. ते श्रीमंत होते, पण गरिबांची बाजू घेऊन बोलत. स्पष्ट बोलण्यामुळे १८१० साली त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये कैदही सोसावी लागली होती. सहा भावंडांत अँजेला सर्वांत धाकटी. ती शांत आणि अभ्यासू होती.

तिच्या आईचे वडील टॉमस कूट्स हे लंडनमधील मोठ्या बँकेचे मालक होते. राजघराण्याचे पैसेही याच बँकेत असत. म्हातारपणी त्यांनी हॅरियट मेलन नावाच्या नटीशी दुसरे लग्न केले. नटीशी लग्न केले म्हणून घरातल्या पुष्कळ लोकांना राग आला. आजोबा वारले तेव्हा सगळी संपत्ती या सावत्र आजीला मिळाली. पुढे १८३७ साली आजीही वारली. तिचे मृत्युपत्र वाचले गेले आणि सारे चकित झाले. आजीने आपली जवळजवळ सगळी दौलत धाकट्या अँजेलाला दिली होती!

ती दौलत किती होती? सुमारे १८ लाख पौंड. त्या वेळी इंग्लंडमध्ये एका पौंडाचे सोन्याचे नाणे चालत असे. ते सुमारे २२ मिलिमीटर रुंद होते. अशी १८ लाख नाणी एकाला एक चिकटवून ठेवली, तर रांग किती लांब होईल? गुणाकार करून पाहा. जवळजवळ ४० किलोमीटर!

मृत्युपत्रात दोन अटी होत्या. पहिली, अँजेलाने आपल्या नावापुढे 'कूट्स' हे आडनाव लावावे. दुसरी, तिने परदेशी माणसाशी लग्न करू नये. ही दुसरी अट ध्यानात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच १८३७ साली, जून महिन्यात, व्हिक्टोरिया गादीवर आली होती. ती होती १८ वर्षांची आणि अँजेला होती २३ वर्षांची. एकीला राज्य मिळाले, दुसरीला दौलत.

आता लोक अँजेलाच्या घरी येऊ लागले. कोणी लग्नाची मागणी घाली, कोणी पैसे मागे. तिने घाईने लग्न केले नाही. याला एक कारण असे, की त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्नानंतर बायकोची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. हा कायदा १८७० आणि १८८२ साली बदलला. तोपर्यंत आपल्या पैशांचे काय करायचे, हे श्रीमंत स्त्रीला स्वतः ठरवायचे असेल, तर अविवाहित राहणे हाच सोपा मार्ग होता.

लंडनच्या पिकॅडिली भागात अँजेलाचा वाडा होता. हायगेटच्या टेकडीवर बागबगीचा असलेले दुसरे घर होते. तिच्याकडे राजे, सेनापती, शास्त्रज्ञ आणि लेखक जेवायला येत. पण या वाड्यापासून थोड्याच अंतरावर दुसरे लंडन होते. तिथे एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत. नळाला पाणी नसे, गटारे उघडी असत. कॉलऱ्याची साथ आली की माणसे पटापट मरत. मुले शाळेऐवजी कामाला जात.

हे दुसरे लंडन अँजेलाला दाखवले प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी. त्यांनी स्वतः बालपणी कारखान्यात काम केले होते. १८४३ साली ते अगदी गरीब मुलांची एक शाळा पाहून आले आणि तेथील हाल त्यांनी अँजेलाला पत्रातून कळवले. तिने मदत देऊ केली. पुढे १८४७ साली दोघांनी मिळून लंडनमध्ये निराधार तरुणींसाठी एक घर सुरू केले. तुरुंगातून सुटलेल्या किंवा रस्त्यावर आलेल्या मुली तिथे राहत. त्यांना लिहिणे-वाचणे, स्वयंपाक आणि शिवणकाम शिकवले जाई. मग नवे आयुष्य सुरू करण्यासाठी त्यांना ऑस्ट्रेलिया किंवा इतर वसाहतींत पाठवले जाई. या मुलींचे कपडे भडक नसले तरी प्रसन्न रंगांचे असावेत, असा डिकन्स यांचा आग्रह होता. ज्याला मदत करायची, त्याचे मनही सांभाळायला हवे, हे ते जाणत होते.

अँजेलाने आणखी किती कामे केली, ते थोडक्यात पाहू. वडिलांच्या स्मरणार्थ तिने वेस्टमिन्स्टरच्या गरीब वस्तीत चर्च आणि शाळा बांधल्या. रेशीम विणणाऱ्यांचा धंदा बसला, तेव्हा त्यांच्या बायकांसाठी शिवणवर्ग काढला. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातील इस्पितळात जखमी शिपायांची सेवा करत होत्या. तिथे ओले कपडे वाळत नसत. अँजेलाने १८५५ साली कपडे वाळवण्याचे यंत्र पाठवून दिले. लंडनमधील मुलांवर होणारा जुलूम थांबवण्यासाठी १८८४ साली जी संस्था निघाली, तिच्या स्थापनेतही तिचा हात होता. मुक्या जनावरांसाठीही तिने खूप काम केले.

१८७७ साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. बाल्कन भागातील हजारो मुसलमान कुटुंबे घरदार सोडून इस्तंबूलकडे निघाली. थंडी कडाक्याची होती. अंगावर पुरेसे कपडे नव्हते. या लोकांचे हाल ऐकून अँजेलाने वर्तमानपत्रातून मदतीची हाक दिली आणि स्वतः १,००० पौंड दिले. त्या पैशांतून निर्वासितांना अन्न आणि कपडे मिळाले. पण ही मदत तेवढ्यावर थांबली नाही. या बायकांच्या हाती भरतकामाची सुंदर कला होती. त्यांना कापड आणि रेशमी दोरा देण्यात आला. त्यांनी भरलेले रुमाल आणि पडदे परदेशांत विकले गेले. अशा रीतीने त्या पुन्हा स्वतःच्या कमाईवर जगू लागल्या. सुलतान अब्दुल हमीद यांनी अँजेलाला मजीदिया हा सन्मान दिला.

मुलांनो, इथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल, की पैसा असला म्हणजे सगळे काही करता येते. आता तिच्या एका अपयशाची गोष्ट ऐका.

लंडनच्या पूर्व भागात एक अतिशय घाणेरडी वस्ती होती. तिथे उकिरड्याचा डोंगर साचला होता. अँजेलाने ती जागा विकत घेतली, साफ केली आणि तिथे कामगारांसाठी हवेशीर घरे बांधली. हे काम चांगले झाले. मग तिने शेजारीच एक मोठी मंडई बांधायचे ठरवले. गरिबांना ताजी भाजी आणि मासळी स्वस्तात मिळावी, फेरीवाल्यांना पावसापाण्यात उभे राहावे लागू नये, हा तिचा हेतू होता. १८६९ साली 'कोलंबिया मार्केट' उघडले. त्यासाठी सुमारे २ लाख पौंड खर्च झाले. इमारत एखाद्या राजवाड्यासारखी दिसे. उंच कमानी, मनोरे, नक्षीकाम! भिंतींवर सद्वचने कोरली होती. आत शिव्या देण्यास मनाई, दारू पिण्यास मनाई. रविवारी व्यवहार बंद.

पण फेरीवाले आलेच नाहीत! त्यांना रस्त्यावरच विकायची सवय होती. गिऱ्हाईक जिथे येते, तिथेच ते उभे राहत. मजुरांना आठवड्याचा पगार शनिवारी मिळे, म्हणून पुष्कळ जण रविवारी सकाळी खरेदी करत. शिवाय जुन्या बाजारांतील बड्या व्यापाऱ्यांनी या नव्या मंडईला विरोध केला. एवढी मोठी इमारत ओसाड पडली. १८८६ साली मंडई बंद झाली आणि १९५८ च्या सुमारास इमारत पाडण्यात आली. गंमत अशी, की आज त्याच भागातल्या कोलंबिया रोडवर फुलांचा प्रसिद्ध बाजार भरतो. तो कसा भरतो, माहीत आहे? उघड्या रस्त्यावर आणि रविवारी!

मंडई सुंदर होती, हेतू चांगला होता, पैसाही भरपूर होता. मग चुकले काय? विचार करा.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बाल्टिमोर नावाचे गाव आहे. तिथल्या कोळ्यांची अतिशय गरिबी होती. समुद्रात मासळी होती, पण चांगल्या होड्या नव्हत्या. तेथील धर्मगुरू फादर डेव्हिस त्यांच्यातच राहत. कोळ्यांना काय हवे, हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांच्या सल्ल्याने अँजेलाने होड्या घेण्यासाठी बिनव्याजी कर्ज दिले. कोळ्यांनी मासळी विकून ते हप्त्याहप्त्याने फेडले. १८८७ साली गावात मासेमारी शिकवणारी शाळाही निघाली. राजवाड्यासारख्या मंडईपेक्षा साध्या होड्या जास्त उपयोगी ठरल्या!

१८७१ साली व्हिक्टोरिया राणीने अँजेलाला 'बॅरनेस' ही पदवी दिली. वारशाने नव्हे, तर लोकसेवेमुळे मिळालेला हा मान होता. अशी पदवी असलेले पुरुष पार्लमेंटच्या उमराव सभेत बसत. पण स्त्रियांना तो हक्क तेव्हा नव्हता. १८७२ साली लंडन शहराने तिचा नागरी सत्कार केला. हा सन्मान मिळवणारी ती पहिलीच स्त्री होती. लोक मात्र तिला प्रेमाने 'गरिबांची राणी' म्हणत.

आता मृत्युपत्रातली ती दुसरी अट आठवा. १८८१ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, अँजेलाने लग्न केले. नवरा विल्यम अॅशमीड-बार्टलेट हा २९ वर्षांचा होता आणि जन्माने अमेरिकन होता. राणीला हे लग्न पसंत नव्हते. लोक हसले. अट मोडल्यामुळे अँजेलाचे पाचांपैकी तीन भाग उत्पन्न गेले. उरलेल्या दोन भागांत ती राहिली आणि तिने दानधर्मही चालू ठेवला. जन्मभर दुसऱ्यांसाठी निर्णय घेतलेल्या या बाईने एक निर्णय स्वतःसाठी घेतला आणि त्याची किंमत मोजली.

३० डिसेंबर १९०६ रोजी ती वारली. तिच्या अंत्यदर्शनासाठी हजारो माणसे पिकॅडिलीच्या वाड्यापाशी आली. त्यांत बडे लोक होते, तसेच अगदी साधे, गरीब लोकही होते. ५ जानेवारी १९०७ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, राजे आणि थोर पुरुष जिथे विसावले आहेत तिथे, तिला मूठमाती देण्यात आली.

मुलांनो, तुमच्याजवळ १८ लाख पौंड नसतील. पण मदत करण्याची संधी तुम्हांलाही रोज मिळते. अशा वेळी बाल्टिमोरच्या होड्या आठवा आणि कोलंबिया मार्केटही आठवा. देण्याआधी समोरच्या माणसाला एकदा विचारा, "तुम्हांला काय हवे आहे?"

शब्दार्थ

उमराव – सरदार, मोठ्या घराण्यातील माणूस
मृत्युपत्र – मरणानंतर मालमत्ता कोणाला द्यावी हे सांगणारा कागद
निराधार – ज्याला कोणाचा आधार नाही असा
निर्वासित – आपले घरदार सोडावे लागलेला
भरतकाम – सुईदोऱ्याने कापडावर केलेली नक्षी
उकिरडा – कचरा टाकण्याची जागा
सद्वचन – चांगली शिकवण देणारे वाक्य
ओसाड पडणे – माणसांची ये-जा नसणे
किंमत मोजणे – केलेल्या गोष्टीबद्दल नुकसान सोसणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अँजेलाला दौलत कोणाकडून मिळाली?
(आ) मृत्युपत्रातील दोन अटी कोणत्या होत्या?
(इ) कपडे वाळवण्याचे यंत्र कोठे पाठवले गेले?
(ई) लोक अँजेलाला काय म्हणत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) निर्वासित बायका स्वतःच्या कमाईवर कशा जगू लागल्या?
(आ) फेरीवाले कोलंबिया मार्केटमध्ये का आले नाहीत?
(इ) बाल्टिमोरच्या कोळ्यांना केलेली मदत यशस्वी का झाली?

३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (होड्या, रविवारी, बॅरनेस)
(अ) राणीने अँजेलाला ______ ही पदवी दिली.
(आ) कोलंबिया मार्केटमध्ये ______ व्यवहार बंद असत.
(इ) कोळ्यांजवळ चांगल्या ______ नव्हत्या.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
श्रीमंत, अपयश, स्वस्त, उघडा, धाकटा

५. पुढील शब्द उर्दूतही आहेत. ते उर्दू लिपीत लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
दौलत, इमारत, बाजार, मदत, हकिकत

६. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एका फेरीवाल्याला भेटा. त्याला कामात कोणत्या अडचणी येतात, ते विचारा आणि त्यावर मराठीत आठ ओळी लिहा.