आधी आपलं बिल दाखव

अगं, सोसायटीच्या महिला मंडळानं वीजबचतीचं काम तुझ्याच गळ्यात घातलं म्हणे! आणि रविवारपासून पत्रकं घेऊन घरोघर निघणार आहेस? पत्रकं राहू देत. माझी निम्मी तरी नंतर चपलांच्या स्टँडवर नाहीतर मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेली सापडली होती.

माझी फजिती ऐक. तळमजल्यावरच्या आजींना मी दारातच ऐकवायला लागले, वीज जपून वापरा, पुढच्या पिढीचा विचार करा. त्या मुकाट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आत तर ये." संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, खोलीत अंधुक उजेड. "थांब हं, तू आलीस म्हणून ट्यूब लावते." टीव्हीजवळ त्यांचं बिल पडलं होतं, 41 युनिट. आमचं त्या महिन्याचं 287! मी कुणाला शिकवत होते गं? चहा घशाखाली उतरेना.

तेव्हापासून मी आधी स्वतःचं बिल पुढे करते. "बघा ना, मे महिन्यात आमचे किती आलेत." मग समोरची बाई आपण होऊन म्हणते, "आमचंही काही विचारू नका," आणि फ्रिजवरून, देवघरामागून तिचं बिल निघतं. मग पंख्याखाली बसून वाचायचं. वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, हे सगळं समजावत बसू नकोस, जांभया येतात. एकच सांग: पहिल्या 100 युनिटांचा दर वेगळा, 101 ते 300 चा बराच चढा, आणि पुढे आणखी चढत जातो. त्यामुळे वापर 100 च्या वर असेल, तर आपण वाचवतो ती युनिटं आधी वरच्या, महागड्या टप्प्यातली असतात. हे कळलं की बायका सरसावून बसतात.

आणि मीटरकडे घेऊन जा. खरंच! घरातलं सगळं बंद करायला लाव आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. मिचकायचा जवळजवळ थांबतो. मग कुणालातरी वर पाठवून गिझर लावायला सांग. तो दिवा असा काही फडफडायला लागतो, की पोरं ओरडतात. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट संपलं, हे त्या दिव्याइतकं चांगलं मी कधीच सांगू शकले नाही.

पंख्यांचं मात्र आवर्जून बोल. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी 30 च्या आसपास. दिवसाला 12 तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे 16 युनिटं वाचतात. पण भाडेकरूंना हे सांगताना जरा जपून. घरमालकाच्या छताला ते स्वतःच्या पैशानं पंखा का लावतील? त्यांच्याशी एसी 24 वर ठेवण्याचं बोल, त्याला खर्च नाही.

आता तुला माझ्या आवडीची गोष्ट सांगते. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये, मानसशास्त्रज्ञांनी घरांच्या दारांवर चिठ्ठ्या अडकवून पाहिल्या. कुणाला पर्यावरणाचं सांगितलं, कुणाला पैशांचं, कुणाला समाजाच्या भल्याचं. आणि काहींना एवढंच, की तुमचे बहुतेक शेजारी वीज वाचवताहेत. जास्त बचत झाली ती या शेवटच्या चिठ्ठीनं. विचारलं तर तेच लोक म्हणत होते, शेजाऱ्यांचं आम्हाला काय! आपल्या बिल्डिंगीत कुणी हे कबूल करेल का? पण एकीनं गॅलरीत नवी जाळी लावली की महिन्याभरात सहा जणींकडे लागतेच ना?

तिथेच आणखी एक प्रयोग झाला होता, 2007 साली छापून आला. ज्यांचा वापर शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा कमी होता, त्यांना ती सरासरी कळल्यावर त्यांनी वीज जास्त वापरायला सुरुवात केली! आकड्यापुढे नुसता एक हसरा चेहरा काढला, तर वाढ थांबली. म्हणून आपल्या आजींसारख्यांना बिल्डिंगीची सरासरी सांगू नकोस. सांगायचीच तर आधी तोंड भरून कौतुक कर.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एलईडी बल्ब दे. प्लॅस्टिकच्या डब्या सगळ्यांकडे ढीगभर आहेत. 60 वॅटच्या पिवळ्या दिव्याच्या जागी 9 वॅटचा बसतो, आणि रोज संध्याकाळी तुझी आठवण निघते. फक्त बोलावताना कुणाला वगळू नकोस, नवरा नसलेल्यांनाही बोलाव. त्यांच्याही घरी मीटर आहेच की.

एक राहिलंच. मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणाचं बिल किती आलं, ते नाव घेऊन बोलू नकोस. एकदा आमच्याकडे तसं झालं आणि एक दार कायमचं बंद झालं. आणि तळमजल्यावर कुणी आजी असतील तर त्यांच्याकडे नुसती चहाला जा. जाताना आपलं बिल घरीच ठेव.