चूल किती उष्णता खाते?

यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. वेचणी संपली, की शेतातील वाळलेली पऱ्हाटी उपटून घरी आणतात. तीच अनेक घरांत सरपण म्हणून उपयोगी पडते.

मातीची चूल पेटली, की उष्णतेचा पहिला वाटा चूलच घेते. कारण तिच्या जाड भिंतीही तापाव्या लागतात. दुसरा मोठा वाटा भांड्याच्या कडेने धुराबरोबर निघून जातो. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते. ती सर्व पाण्याला मिळाली, तर सुमारे ४५ लिटर पाणी उकळीला येईल. परंतु साध्या चुलीत भांड्याला जेमतेम दहावा भाग मिळतो. म्हणजे उकळते चार-पाच लिटरच! वाया गेलेल्या नऊ भागांसाठीही कोणीतरी मोळी वाहिलेली असते, आणि धूर तर स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत व छातीत जातो.

जाणत्या गृहिणी म्हणून सगळा स्वयंपाक एकाच जाळावर उरकतात. चुलीवर भाकरी होतात, तोवर शेजारच्या वैलावर वरण शिजते. जाळ विझल्यावरही तापलेली माती लवकर निवत नाही. त्या धगीवर दूध तापते.

धुराचा त्रास टळावा म्हणून वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार झाली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरी गॅस आला; तरी कित्येक घरांत चूलही पेटतेच. ती पेटेल तेव्हा एकही काडी व्यर्थ जळू नये. वाचलेले सरपण म्हणजे वाचलेले श्रमच होत.