हातमोजे केव्हा उतरवावेत?

आमच्यासारख्या बँकेतील नोकरदाराला निवृत्तीचा दिवस स्वतः ठरवावा लागत नाही. नोकरीत रुजू होतानाच जन्मतारखेची नोंद होते आणि साठ वर्षे पूर्ण झाली की कार्यालयच शाल-श्रीफळ देऊन आपल्याला निरोप देते. परंतु काही व्यवसाय असे आहेत की, ज्यांत थांबण्याची तारीख कोणी लिहून देत नाही. व्यावसायिक मुष्टियुद्ध हा त्यांपैकीच एक होय. तेथे उशिरा थांबण्याचा दंड पैशात भरता येत नाही, तो शरीराकडून वसूल होतो. म्हणून वय झालेल्या मुष्टियोद्ध्याने रिंगण केव्हा सोडावे, या प्रश्नाचा थोडा अभ्यास करू या.

न दिसणारी इजा

मुष्टियोद्ध्याचे वय प्रथम पायांत दिसते. पूर्वी जो ठोसा तो सहज चुकवीत असे, तोच आता लागू लागतो. अनुभवाच्या बळावर तो लढत जिंकतोही. पण जिंकताना अधिक मार खातो. लोक विजय मोजतात, मार कोणी मोजत नाही.

फुटलेली भुवई टाके घालून बरी होते. मेंदूचे तसे नाही. कवटीच्या आत मेंदूला प्रत्येक ठोशाचा हादरा बसतो. बेशुद्ध पाडणारा एकच ठोसा घातक असतो असे नव्हे. सरावातले लहानसहान ठोसेही वर्षानुवर्षे साठत जातात. अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ साली मुष्टियोद्ध्यांच्या या विकारावर वैद्यकीय लेख लिहिला. चाल अडखळणे, जीभ जड होणे, हात थरथरणे, विसर पडणे ही त्याची लक्षणे होत. ती पुष्कळदा रिंगण सोडल्यानंतर काही वर्षांनी दिसतात. खरी अडचण येथेच आहे. लक्षण दिसले की थांबू, असे जो म्हणतो, त्याला उशीर झालेला असतो.

जो लुईस : कर्जापायी पुनरागमन

जो लुईस हा १९३७ ते १९४९ पर्यंत हेवीवेट गटाचा विश्वविजेता होता. त्याने आपले पद २५ वेळा राखले. १९४२ साली त्याने दोन लढतींचे मानधन अमेरिकेच्या नौदल व लष्कराच्या मदत निधीस दिले. तरीही पुढे त्याच्यामागे प्राप्तिकराची मोठी थकबाकी लागली. १९४९ मध्ये सन्मानाने निवृत्त झालेला हा वीर पैशासाठी पुन्हा रिंगणात उतरला. १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याला हरविले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडले. लुईस हे मार्सियानोचे दैवत होते. जिंकूनही तो रडला, असे सांगतात. शरीराने थांब म्हटले होते, पण कर्जाने थांबू दिले नाही.

मुहम्मद अली : कोणी ऐकले नाही

सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सविरुद्ध अली जिंकला. पण त्याने भयंकर मार खाल्ला. त्यानंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचा अहवाल अलीला आणि त्याच्या निकटच्या माणसांना पाठविला. कोणाचेही उत्तर आले नाही. तेव्हा पाचेको यांनी अलीचा ताफाच सोडला.

१९७८ च्या फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सकडून अली हरला आणि सप्टेंबरमध्ये त्यालाच हरवून तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला. असा मान मिळविणारा तो पहिलाच हेवीवेट. १९७९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. यापेक्षा चांगला शेवट कोणता असता? पण प्रसिद्धीची सवय आणि पैशाची ओढ यांनी त्याला परत बोलावले. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासला ३८ वर्षांचा अली, पूर्वी त्याच्याच सरावातील जोडीदार असलेल्या लॅरी होम्ससमोर उभा राहिला. दहाही फेऱ्या तो हरला. अखेर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबविली. तरीही डिसेंबर १९८१ मध्ये बहामा बेटांवर तो ट्रेव्हर बर्बिकशी लढला आणि हरला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनसदृश विकार असल्याचे निदान झाले. हा विकार केवळ ठोशांमुळेच झाला, याविषयी डॉक्टरांचे एकमत नाही. परंतु त्या शेवटच्या लढतींनी त्याचे भले केले, असे म्हणणारा कोणी सापडणार नाही. ज्याची जीभ त्याच्या मुठीइतकीच तेज होती, त्याचा आवाज पुढे क्षीण झाला. २०१६ साली त्याचे निधन झाले.

दुसरी बाजू

सर्वांनीच चूक केली असे नाही. मार्सियानोने ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये, ३२ व्या वर्षी निवृत्ती घेतली. पुढे परतण्याचा मोह त्यालाही झाला. पण त्याने तो आवरला. याउलट जॉर्ज फोरमन दहा वर्षांच्या खंडानंतर १९८७ मध्ये परतला आणि १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, पुन्हा विश्वविजेता झाला. थांबू न इच्छिणारा प्रत्येक जण फोरमनचेच नाव घेतो. पण अपवादाला नियम मानणे म्हणजे लॉटरीच्या भरवशावर संसार मांडण्यासारखे आहे.

काय शिकावे?

१) थांबण्याचा निर्णय अंगात बळ असतानाच घ्यावा. हरलेला माणूस 'आणखी एकदा' म्हणतो आणि जिंकलेलाही तेच म्हणतो.

२) कमाईच्या काळातच बचत करावी आणि देणी वेळेवर फेडावीत. बँकेत काम करताना रोज दिसते की, कर्जदाराला आपल्या मनासारखा निर्णय घेता येत नाही.

३) आपल्या कमाईवर ज्याचे पोट नाही, असा एक तरी सल्लागार जवळ असावा आणि त्याचे ऐकावे.

४) रिंगणाबाहेरही आपले काही स्थान असले पाहिजे. केवळ टाळ्यांवर जगणाऱ्याला टाळ्या थांबल्या की घर रिकामे वाटते.

शेवटी एका प्रशिक्षकाचे उदाहरण देतो. १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपाइन्समध्ये अली आणि जो फ्रेझियर यांची लढत चौदा फेऱ्या चालली. फ्रेझियरचे डोळे सुजून बंद होत आले होते. तरी शेवटची फेरी लढण्याचा त्याचा हट्ट होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिले नाही. विश्वविजेतेपदाची संधी गेली, पण माणूस धडधाकट घरी गेला. आपल्या घरातही कोणी वडील, कोणी भाऊ शरीर साथ देत नसताना 'आणखी एक वर्ष' म्हणत ओझे ओढत असतो. त्याला हिंमत देणारे पुष्कळ असतात. खांद्यावर हात ठेवून 'आता बस' असे म्हणणारा मात्र घरचाच कोणीतरी असावा लागतो. ते काम आपण करावे, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.