पारायण आणि अभ्यास

श्रीज्ञानेश्वरीची पारायणे गावोगाव होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. सुमारे ९,००० ओव्यांचा ग्रंथ सात दिवसांत वाचावयाचा म्हणजे रोज १,२०० च्या वर ओव्या होतात. एकसुरात ग्रंथ चालतो, जिभेला वळण लागते, चित्त निवते. त्याविषयी माझी तक्रार नाही. मीही दरसाल बसतो. परंतु 'बुवा, माझी एकवीस पारायणे झाली, आता ज्ञानेश्वरीचा अभ्यास पुरा झाला ना?' असे कोणी विचारले, म्हणजे मला माझीच फजिती आठवते. ती आधी सांगतो.

चंडिकादेवीच्या डोंगराशी वसलेल्या आमच्या जूचंद्र गावी, तीसेक वर्षांपूर्वी, सप्ताहात माझे कीर्तन होते. समोर आगरी मंडळी. कोणी शेतीतली, कोणी जन्मभर मिठागरात राबलेली. मी पाठशाळेत व्याकरण घोकून आलेला, त्याचा ताठाही होता. माउलींच्या भाषेत 'पढियंता' असा शब्द येतो. मी तो घेतला आणि सरळ पठ् धातूशी नेऊन भिडवला. पढियंता म्हणजे पढणारा! जो ग्रंथ पढतो तो देवाला जवळचा, असे ठासून सांगितले. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या, मलाही बरे वाटले.

कीर्तन संपले. बुक्का लावून घेताना एक म्हातारेबाबा हळूच म्हणाले, "बुवा, आमचा जल्म मिठागरात गेला. अक्षर येत नाय. मंग देव आमाला जवल नाय करनार?"

मी म्हणालो, "बाबा, नाम घ्या, सगळे होते." हे उत्तर नव्हे, सुटका होती. रात्री झोप येईना. घरी आल्यावर सार्थ ज्ञानेश्वरी काढली. पढिये म्हणजे आवडतो. पढियंता म्हणजे लाडका, प्रिय. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना भगवंत 'प्रिय' हा शब्द पुन्हापुन्हा उच्चारतात, आणि तेथे भक्ताला अक्षरओळख असावी अशी अट कुठेच नाही. द्वेष नसावा, ममत्व नसावे, सुखदुःखात सम असावे, एवढेच मागितले आहे. म्हणजे देवाने ज्यांना जवळ बोलावले, त्यांना मी दारातून परत पाठवले होते. तेही देवाच्याच ग्रंथाच्या नावाने.

तोवर माझी वीसपंचवीस पारायणे झाली होती. प्रत्येक वेळी हा शब्द डोळ्यांखालून गेला, पण डोळा थांबला नाही, कारण शब्द ओळखीचा वाटला. अडलेला शब्द आपल्याला दुसऱ्याच्या दारी विचारायला पाठवतो. हा कळल्यासारखा वाटणारा शब्दच घात करतो.

महाभाष्यकार पतंजली सांगतात की विद्या उपयोगी पडावयाची ती चार काळांनी: गुरूकडून घेण्याचा काळ, स्वतः आवृत्ती करण्याचा काळ, दुसऱ्याला सांगण्याचा काळ आणि व्यवहाराचा काळ. मी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उडी मारली होती. पहिला आणि चौथा कोरडाच. उलट त्या बाबांनी काय केले पाहा. एक शब्द ऐकला, तो आपल्या जन्माला लावून पाहिला, बसेना म्हणून विचारले. श्रवण, मनन म्हणतात ते हेच. त्या रात्री अभ्यास त्यांनी केला. मी नुसता वाचक होतो.

आमच्याकडच्या मिठागराची गोष्ट घ्या. भरती दिवसातून दोनदा येते आणि जाते. नुसत्या येण्याजाण्याने मीठ होत नाही. तेच पाणी बांध घालून अडवले, उन्हात राहू दिले, म्हणजे खडा धरतो. भरतीवाचून मीठ नाही हेही खरे, म्हणून पारायण सोडा असे मी म्हणत नाही.

नाथमहाराजांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे, पण या दृष्टीने ते पाहिले जात नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेला ग्रंथ नकलाकारांच्या हातून फिरत फिरत बिघडला. मधल्या काळात तो वाचणारे, पाठ करणारे भाविक कमी नव्हते. चुकीचे पाठही तितक्याच भक्तीने म्हटले गेले असतील. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये शुद्ध प्रत तयार केली. वर त्यात कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. एवढा अधिकारी पुरुष, पण स्वतःची एक ओवीही मध्ये सरकवली नाही! जोगमहाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. सात दिवसांत आटोपण्यासारखे असते तर त्यांनी एवढी खटपट कशाला केली असती?

घरी काय करावे? रोज पाच ओव्या. शेजारी गीतेचा मूळ श्लोक. ओळखीच्या शब्दांचासुद्धा अर्थ पाहावा. मग पोथी मिटून घरातल्या कोणाला आपल्या बोलीत सांगावे. जिथे अडखळाल, तिथे कळलेले नाही असे समजावे आणि जाणत्याला विचारावे. वाचता न येणाऱ्याने कोणाकडून ऐकून हेच करावे. या चालीने ग्रंथाला पाच वर्षे लागतील. लागू द्यात.

पुढल्या वर्षी मी जूचंद्रला त्याच सप्ताहात उभा राहिलो आणि मागल्या खेपेस चुकीचा अर्थ सांगितला हे सर्वांसमक्ष कबूल केले. म्हातारेबाबा खांबाला टेकून बसले होते. ते हसले, आणि मग म्हणाले, "बुवा, दुसऱ्या गावांना पन असंच सांगलं असंल ना? तिथं कवा जानार?"

आठवतील ती गावे वहीत लिहून काढली. सतरा भरली. त्यांतली चार अजून राहिली आहेत.