मोटूचा हात का मोडत नाही?



दिवाळीच्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ खेळताना ट्रॉलीवरून पडला. उजवा हात मोडला. दीड महिना प्लास्टर. बिचारा घरात बसून कंटाळला. म्हणून एके दिवशी आम्ही मोबाईलवर 'मोटू पतलू : किंग ऑफ किंग्ज' हा चित्रपट पाहिला.

मोटू-पतलूची मालिका टीव्हीवर २०१२ साली सुरू झाली. तिच्यावरून काढलेला हा चित्रपट १४ ऑक्टोबर २०१६ रोजी आला. तो आपल्या मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओने केला. दिग्दर्शक सुहास कडव. सर्कशीतून पळालेला गुड्डू गालिब नावाचा सिंह मोटू-पतलूला भेटतो आणि शेवटी जंगल वाचवायची लढाई त्यांच्यावर येऊन पडते. खूप हसलो आम्ही!

पण भाऊ मध्येच म्हणाला, "दादा, मोटू इतक्यांदा पडतो, मग त्याचा हात कसा मोडत नाही?"

मला काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले.

गुरुजी म्हणाले, "पडद्यावर काहीच हलत नाही. तिथे नुसती स्थिर चित्रे असतात. एका सेकंदाला २४. प्रत्येक चित्र आधीच्याहून किंचित वेगळे. ती भराभर पुढे सरकली की आपला डोळा आणि मेंदू त्यांना जोडून घेतात आणि आपल्याला चित्र चालल्यासारखे वाटते."

म्हणजे एका मिनिटाला १४४० चित्रे! संगणकात मोटूची एक बाहुली बनवतात. कलाकार तिच्या मुख्य मुख्य हालचाली ठरवतात, मधली चित्रे संगणक भरतो, मग कलाकार ती तपासून सुधारतात.

गुरुजींनी दादासाहेब फाळके यांचीही गोष्ट सांगितली. ते नाशिक जिल्ह्यातले, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रे घेतली होती. ती भराभर दाखवली तर रोप डोळ्यांदेखत वाढले!

मग मीही करून पाहिले. तुम्हीही करा.

१) जुनी वही घ्या. उजव्या पानांच्या खालच्या कोपऱ्यात चित्र काढा.
२) प्रत्येक पानावर ते किंचित पुढे सरकवा.
३) वही घट्ट धरून अंगठ्याने पाने भराभर सोडा.

मी २४ पानांवर मोटू काढला. विसाव्या पानावर तो धपकन पडला. एकविसाव्या पानापासून मी त्याला उठवत नेला. भावाने डाव्या हाताने पाने सोडली आणि मोटू उठला! भाऊ कितीतरी वेळ पाने सोडत बसला. मग हळूच म्हणाला, "याला तर तू उठवला."

तेच तर उत्तर आहे, मित्रांनो. मोटूला उठवायला मला एक पेन्सिल पुरली. भावाला उठवायला दवाखाना लागला, आईची सहा दिवसांची मजुरी बुडाली आणि आजी रात्र रात्र जागली. मोटूला पुढचे पान आहे. आपल्याला हात दोनच.

आता भावाचे प्लास्टर निघाले आहे. बोटे अजून नीट वळत नाहीत, पण तो स्वतःची वही काढतो आहे. त्याच्या चित्रातला मुलगा ट्रॉलीवरून उडी मारत नाही, धरून धरून उतरतो.

माझी वही फळ्याजवळच्या खिळ्याला टांगली आहे. पालकांनीही पाने सोडून पाहावी.

— इयत्ता सातवी, जि. प. शाळा, कोरीट