दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली?

सबमिशनच्या आठवड्यात माझी दाढ ठणकली. गोळ्या खाल्ल्या, चौथ्या दिवशी दुखणं गायब! मी खूश. पंधरा दिवसांनी भाईंदरजवळ चौकला घरी गेलो तो गाल सुजवूनच. आईची लवंगही हरली. डेंटिस्ट म्हणाल्या, "नस मेली म्हणून दुखणं थांबलं. जंतू आतच आहेत." मेलेल्या नसेत रक्त पोहोचत नाही, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. रूट कॅनलमध्ये दाढ बधिर करून नस काढतात, बारीक फाइलने मुळांतल्या नळ्या घासतात, हायपोक्लोराइटने धुतात, मग गटापर्चा भरतात. १८७० साली मुंबईला पोहोचलेल्या समुद्री तारेचं इन्सुलेशनही याचंच! शेवटी वर कॅप. तेव्हा ठणका आपोआप थांबला तर खूश होऊ नका, डॉक्टर गाठा.